ग्राफिक्स झालं, पिक्चर कुठाय?

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये पिक्चर संपला की हल्ली दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "ग्राफिक्स कसलं भारी होतं!" आणि दुसरं, "ग्राफिक्स एकदम फालतू!" स्टोरी, ॲक्टिंग, डायलॉग वगैरेंबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. (मराठी विभागासाठी 'संगणकनिर्मित दृश्यपरिणाम' असा शब्द मला सुचवण्यात आला होता. पण तो वापरून बोलणारा प्राणी मला होस्टेलवर अजून भेटलेला नाही. तेव्हा आपण ग्राफिक्सच म्हणूया!)

मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. दोष कॉम्प्युटरचा नाही. दोष आहे "आत्ता शूट करून टाका, बाकीचं नंतर कॉम्प्युटरवर बघू" या सवयीचा. हे पटवायला मी एकच जोडी घेते, कारण तिच्यात डायरेक्टर तोच, मूळ कादंबऱ्यांचा लेखक तोच आणि नटही तोच आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग २००१ साली आला. त्यात गॅन्डाल्फ हा उंच जादूगार, आणि हॉबिट म्हणजे त्याच्या कमरेएवढी माणसं. नट मात्र सगळे तुमच्याआमच्यासारख्या उंचीचे. मग डायरेक्टर पीटर जॅक्सनने काय केलं? गॅन्डाल्फला कॅमेऱ्याजवळ बसवलं आणि हॉबिटला बराच मागे. लांबचं लहान दिसतं, बस्स! पण कॅमेरा हलला की ही चलाखी उघडी पडणार. म्हणून टेबलाचा एक भाग आणि त्यामागचा नट सरकत्या प्लॅटफॉर्मवर ठेवले, आणि कॅमेरा जसा सरकेल त्या हिशोबात प्लॅटफॉर्म सरकवला. हॉबिटचं घर दोन वेगवेगळ्या मापांत दोनदा बांधलं. मिनास तिरिथ हे अख्खं शहर १:७२ स्केलच्या मॉडेलमध्ये उभं केलं. मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!

ग्राफिक्स नव्हतंच का? होतं की! २००२ च्या दुसऱ्या भागातला गॉलम कॉम्प्युटरवरच बनला. पण अँडी सर्किस हा नट सेटवर इतरांच्या समोर खरोखर ती भूमिका करत होता, आणि ॲनिमेटर्सनी त्याच्या अभिनयावरून गॉलम घडवला. जिथे दुसरा इलाज नाही तिथे कॉम्प्युटर. म्हणून तर गॉलम आजही खोटा वाटत नाही.

आता २०१२ चा 'हॉबिट' बघा. तो थ्रीडीमध्ये शूट केला. थ्रीडीला आपल्या डोळ्यांसारख्या दोन लेन्स लागतात, त्यामुळे मागे बसलेला माणूस मागेच बसलाय हे लगेच कळतं. जुनी चलाखी बाद! मग तेरा बुटके एका सेटवर आणि गॅन्डाल्फ दुसऱ्या हिरव्या सेटवर, एकटा. समोर काठ्यांवर लावलेले बाकी नटांचे फोटो. जो बोलतोय त्याचा दिवा लागणार, आणि याने त्या दिव्याशी बोलायचं! इयन मॅकेलन यांनी आयुष्यभर रंगभूमीवर शेक्सपियर केलेला. ते सेटवर रडले. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय.

असं का झालं? पैसा तर आधीपेक्षा जास्तच होता. कमी पडला तो वेळ. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची तयारी १९९७ पासून चालू होती आणि शूटिंग सुरू झालं ऑक्टोबर १९९९ मध्ये. 'हॉबिट'चा ठरलेला डायरेक्टर २०१० च्या मे महिन्यात बाहेर पडला, आणि मार्च २०११ मध्ये जॅक्सन शूटिंगला उभा! पुरेशी तयारी नव्हती, हे त्याने पुढे कबूल केलं.

कुणी म्हणेल, प्रेक्षकांना मजा आली ना, मग तुझं काय जातं? जातं तर! 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आठवतो? बहुतेक शॉट्समध्ये तो कॉम्प्युटरचा आहे, आणि तरी त्याची भीती वाटते. तो बनवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादलाही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या पिक्चरला ग्राफिक्सचं ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली! या धंद्यात कामाची रक्कम बहुतेक वेळा आधीच ठरते, पण "हे बदला, ते बदला" शेवटपर्यंत चालू राहतं. वरच्यांनी उशिरा ठरवायचं, आणि रात्री जागायच्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या पोरांनी. शिवाय पडद्यावर काही फसलं की "ग्राफिक्स फालतू" म्हणून शिव्याही त्यांनाच. आपल्यातलेच काही जण उद्या त्या खुर्चीत असतील, हे विसरू नका.

ड्रॉइंग पक्कं झाल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच वर्कशॉपमध्ये शिकवतात. कोट्यवधींच्या पिक्चरला हा नियम लागू नसावा का?

तेव्हा पुढच्या वेळी ग्राफिक्सला नावं ठेवण्याआधी एवढंच विचारा, हा सीन कसा दिसणार हे शूटिंगच्या आधी कुणी ठरवलं होतं का? उत्तर 'नाही' असेल, तर नापास कुणाला करायचं ते तुम्हीच ठरवा!