जग बुडालं नाही म्हणून रडले!

घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांना १९६२ सालच्या अष्टग्रहीबद्दल जरूर विचारा. त्या फेब्रुवारीत ३ ते ५ तारखेला केतू धरून आठ ग्रह मकर राशीत जमले होते. आता प्रलय होणार म्हणून देशभर होमहवनं झाली, मणांनी तूप जळालं, प्रवास पुढे ढकलले गेले. पंतप्रधान नेहरूंनी ते हसण्यावारी नेलं, पण भीती काही हटेना. मग ६ तारीख उजाडली आणि 'सुटलो बुवा' म्हणत लोक कामाला लागले.

हे आपल्याला समजतं. पण जग बुडालं नाही म्हणून ढसाढसा रडलेली माणसंही होऊन गेली आहेत.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता. बायबलच्या दानीएल या पुस्तकातल्या २३०० दिवसांची २३०० वर्षं धरून त्यानं येशूच्या पुनरागमनाचा हिशेब मांडला. १८४३ च्या सुमाराचा पहिला अंदाज हुकला, तेव्हा अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. (मुहूर्तच म्हणायचा!) कुणी दुकान बंद केलं, कुणी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. जुनी देणी फेडली, भांडणं मिटवली. लग्नघरात असते तशी लगबग. कारण बहुतेकांच्या मनात भीती नव्हतीच, आनंद होता. देव भेटणार होता. देवाघरी गेलेली लेकरं, आईवडील पुन्हा भेटणार होते.

रात्रीचे बारा वाजून गेले, काहीच झालं नाही. आम्ही पहाटेपर्यंत रडत होतो, असं हायरम एडसन या अनुयायानं नंतर लिहून ठेवलं. सकाळी रस्त्यावर टवाळखोर होतेच : 'अजून इथंच? वर गेला नाहीत?'

त्यांना वेड्यात काढणं सोपं आहे. मला मात्र स्टेशनवर माणूस आणायला गेलेलं कुटुंब आठवतं. गाडी येते, डबे रिकामे होतात, फलाट ओस पडतो, आणि आपलं माणूस उतरलेलंच नसतं. अष्टग्रहीत लोकांच्या डोक्यावरचं संकट टळलं होतं. इथं ठरलेली भेट हुकली होती.

तारीख चुकल्याचं मिलरनं कबूल केलं, पण १८४९ मध्ये मरेपर्यंत तो वाट पाहतच राहिला. पांगलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं केलं. पुणेकरांना ठाऊक असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच चर्चची. येशू परत येणार, ही त्यांची श्रद्धा आजही कायम आहे. तारीख मात्र ते सांगत नाहीत.