फुरसुंगीचा फेणे, मोठ्या पडद्यावरचा

आदित्य सरपोतदार यांचा २०१७ चा ‘फास्टर फेणे’ परवा घोडेगावात भाचरांसोबत टीव्हीवर पुन्हा पाहिला. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा काटकुळा पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, कुठे काही गडबड दिसली की सायकलवर टांग टाकणारा. अमेय वाघने साकारलेला बनेश मोठा झालाय. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी तो पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या संशयास्पद मृत्यूचा माग काढू लागतो. पाठलाग, हाणामारी सगळं जोरात आहे. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा तर अंगावरच येतो. पण पुस्तकातला फेणे वाचकाला सोबत घेऊन विचार करतो, इथे विचार पुरता व्हायच्या आत धावपळ सुरू होते. ते मला खटकतंच. विषय मात्र नेमका निवडलाय. आमच्या नेवासे तालुक्यात कांद्याच्या पट्टीतून क्लासची फी भरणारी घरं आहेत. परीक्षेतला घोटाळा उलगडू लागला तशी बारावीतली भाची उशी पोटाशी धरून पुढे सरकली, जाहिराती लागल्या तरी जागची हलली नाही. दिलीप प्रभावळकरांनी यात खुद्द भागवतच उभे केलेत. बनेशला आधार देणारा हा म्हातारा लेखक म्हणजे माझ्या लेखी चित्रपटाचा जीव. मूळ पात्राच्या जनकाला असा मान देणारे चित्रपट आपल्याकडे फार थोडे. धाकट्या भाच्याला आता पुस्तकं हवी आहेत; नगरला गेले की पहिली घेऊन येणार आहे.