पत्रिकेचा कागद आणि पत्रिकेतली नावे

तुळशीची लग्ने लागली की आमच्या मराठी विभागात एका निराळ्याच वाङ्मयप्रकाराची आवक सुरू होते. कार्यालयातल्या लेखनिकाच्या भाच्याची, ग्रंथालयातल्या शिपाईमामांच्या मुलीची, पाच-सात वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीची लग्नपत्रिका 'जरा नजरेखालून घालण्यासाठी' टेबलावर येऊन पडते. आम्ही मराठीचे प्राध्यापक. ऱ्हस्व-दीर्घ तपासणे हे आमचे काम, अशी सर्वांची श्रद्धा आहे. आणि खरे सांगायचे तर आमच्या विषयाचा जो काही उपयोग गावाने मान्य केला आहे, तो एवढाच. वीसेक वर्षे हे काम आम्ही निमूटपणे केले. 'शुभाशिर्वाद'चे 'शुभाशीर्वाद' केले, 'सहकुटूंब'चे 'सहकुटुंब' केले आणि कागद परत दिला. तो कागद आम्ही तपासला, वाचला मात्र नाही, असे म्हणण्यास भाग पाडणारा एक प्रसंग गेल्या वर्षी घडला. त्यानिमित्ताने हे टिपण.

वास्तविक लग्नपत्रिका हा भाषेच्या अभ्यासकाने सोडू नये असा मजकूर आहे. जुन्या पत्रिकांत अमक्याचा तमकीशी 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असे छापलेले असे. शरीरसंबंध म्हणजे सोयरीक. आज हा शब्द वर्गात उच्चारला तर मागच्या बाकांवर खसखस पिकते. अर्थसंकोचाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. तीच गोष्ट 'आमचे येथे श्रीकृपेंकरून' या आरंभाची. १९६२ साली लेखनविषयक नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार मराठीतून गेले. पत्रिकेतला अनुस्वार मात्र कित्येक घरांत त्यानंतरही टिकून राहिला. याचे कारण उघड आहे. पत्रिका कोणी लिहीतच नसे. छापखान्यात नमुन्यांची एक जाड वही असे. तिच्यातला नमुना निवडायचा आणि मोकळ्या जागी नावे भरायची. कोणाच्या नावाला जागा आहे आणि कोणाच्या नाही, हे त्या वहीने आधीच ठरवून ठेवलेले असे. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही किलबिलसुद्धा आता नमुनाच झाली आहे. ज्यांच्या नावाने ती छापतात त्यांतल्या निम्म्यांना अजून दात आलेले नसतात. असो.

अलीकडे या छापील सारखेपणाला कंटाळलेली मंडळी 'हस्तनिर्मित' पत्रिकेकडे वळली आहेत. आमच्या भागात लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची माणसे गाडी करून जातात आणि शालूपासून मानपानाच्या साड्या, फेटे, टॉवेल-टोपीपर्यंत सगळे एका बैठकीत बांधून आणतात. आता या बस्त्यातच पत्रिकाही आली आहे. पैठणीचा रंग ठरला की त्या रंगाची पत्रिका. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा काठावरची वेल पत्रिकेच्या कडेला. दुकानात उलगडलेल्या पदरावर कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवून रंग जुळतो की नाही हे पाहणारी वधू आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे. तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या दिवशी सगळे एकमेकांना शोभावे असे कोणालाही वाटेल. पण पत्रिका एकदा पोशाखाचा भाग झाली की लोक तिच्याकडे पोशाखासारखेच पाहू लागतात. ती बोटांनी चाचपतात, उलटून पाहतात, 'कुठून आणली?' असे विचारतात. आत काय आहे ते वाचायचे राहून जाते.

हातकागदाबद्दल आम्हांला आदर आहे. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी. दौलताबादजवळचे कागझीपुरा, जुन्नरचा कागद, पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावेच तिची साक्ष देतात. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात शिवाजीनगर भागात हातकागद संस्था उभी राहिली. या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती कपड्यांच्या शिलाईतून उरलेली कातरण कुटून तिचा पाण्यात लगदा करायचा, जाळीच्या चौकटीने तो उचलायचा, पाणी निथळू द्यायचे; ओला ताव कापडावर पालथा टाकायचा, तावांची चळत दाबून उरलेले पाणी काढायचे आणि वाळवायचे. म्हणजे बस्ता आणि पत्रिका यांचे नाते मुळातलेच म्हणायचे. दुकानात एकीकडे कापड ठेवलेले असते आणि दुसरीकडे कापडाच्याच चिंध्यांतून आलेला कागद.

मौज अशी की जुना कागदी आपल्या हाताची खूण लपवण्यासाठी झटत असे. वाळलेल्या तावाला तो खळ देई आणि मग गुळगुळीत दगडाने घोटघोट घोटी, कारण त्यावरून बोरू सरसर चालायला हवा. कागदाचा खरबरीतपणा हा त्याच्या लेखी दोष होता. आजचा ग्राहक नेमके त्या दोषाचेच पैसे मोजतो. कडा फाटल्यासारख्या हव्यात, मध्येच झेंडूची पाकळी किंवा गवताची काडी अडकलेली हवी. घोटलेल्या कागदावर लिहिणाऱ्याचा हात दिसे. न घोटलेल्यावर कागद करणाराचा हात दिसतो. लिहिणाऱ्याचा हात मात्र नाहीसा झाला आहे, कारण मजकूर पूर्वीप्रमाणेच कोठून तरी तयार येतो. पूर्वी वहीतून येई, आता मोबाइलवरून येतो.

गेल्या मार्गशीर्षात आमची एक माजी विद्यार्थिनी विभागात आली. तिचे लग्न ठरले होते आणि तीनशे पत्रिका ती घरीच करणार होती. "सर, मॅडम, रविवारी घरी या, सगळे मिळून करतोय," असे आग्रहाने सांगून गेली. आम्ही दोघे गेलो. ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि दहा-बारा जणी तिच्यावर बसल्या होत्या. मोठ्या तावावर पट्टी धरून पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने रेघ ओढायची आणि त्या ओल्या रेघेवरून ताव अलगद ओढून फाडायचा, म्हणजे कात्रीची सरळ कड न येता मऊ, तंतुमय कड येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पत्रिकेच्या कडेला पैठणीच्या काठाच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. त्या विकत आणलेल्या नव्हत्या. तिची आई गेली नऊ वर्षे, म्हणजे नवरा गेल्यापासून, घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसांतून उरलेले काठ तिने एका पिशवीत जपून ठेवले होते. कशासाठी ते तेव्हा तिलाही ठाऊक नसावे. चिकटवायची खळही तिनेच मैद्याची शिजवली होती. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायला ती विसरली नव्हती. दुपारभर ती आत-बाहेर करीत होती आणि कोणाची घडी वाकडी झाली की न बोलता सरळ करून देत होती.

आतले पान गावातल्या स्क्रीन प्रिंटरकडून छापून आणायचे होते. या कागदावर बारीक अक्षर धरत नाही. शाई पसरते, रफार तुटतो, अनुस्वार बुजतो. म्हणून अक्षर मोठे घ्यावे लागते आणि अक्षर मोठे घेतले की शब्द कमी करावे लागतात. तिने ते केले होते. किलबिल नव्हती, आप्तेष्टांची रांग नव्हती, गणपतीवरचा श्लोक नव्हता. नेटका, आठ-दहा ओळींचा मजकूर आमच्या हाती आला तेव्हा आम्हांला मनापासून बरे वाटले. कागदाने सक्ती केली म्हणून का होईना, पत्रिकेचे संपादन झाले होते. सवयीप्रमाणे वेलांट्या पाहिल्या. एकही चूक नव्हती. मग आम्ही तो पुन्हा वाचला. वधू 'कै.' अमुक यांची कन्या होती. निमंत्रक काका आणि 'सौ.' काकू होत्या. जिच्या पिशवीतले काठ आणि जिच्या हातची खळ त्या पानाला लागणार होती, तिचे नाव त्या आठ-दहा ओळींत कोठेच नव्हते.

आम्ही विचारले. मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, "सर, नमुना तुमचाच आहे. दुसऱ्या वर्षाला उपयोजित मराठीत तुम्ही फळ्यावर लिहून दिला होता. वडील नसतील तर निमंत्रक म्हणून काकांचं नाव घालावं, हेही तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितले होते. पाच गुणांचा प्रश्न असतो.

आतून आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की सर. माझं नाव कशाला त्यात? शुभकार्य हाय."

या वाक्याला काय उत्तर द्यावे हे दोन एम.ए. झालेल्या माणसांना सुचले नाही. घरी येताना मात्र वाटभर त्यावरच बोलणे झाले. मराठी पत्रिकेतला पुरुष जन्माने चि., मग श्री., आणि शेवटी कै.; मधल्या काळात त्याची बायको आहे की नाही, हे त्याच्या नावावरून कोणाला कळत नाही. बाईच्या नावाआधीचे अक्षर मात्र बदलत राहते. लग्नाआधी चि. सौ. कां., म्हणजे सौभाग्याची आकांक्षा करणारी, लग्नानंतर सौ.; आणि पुढे गं. भा. ही अक्षरे तिच्याविषयी काही सांगत नाहीत, एका पुरुषाच्या असण्या-नसण्याविषयी सांगतात. पत्रिका ही तर कुंकुमपत्रिका, तिच्या कोपऱ्यांना कुंकू लावायचे. तेव्हा जिच्या नावाला शुभ अक्षर उरले नाही तिचे नावच न लिहिणे, हा सर्वांत सोपा मार्ग. २०२३ साली आपल्या राज्यात विधवेऐवजी 'गं. भा.' म्हणावे असा विचार मंत्रिपातळीवरून पुढे आला आणि त्यावर बराच वाद झाला. वादात दोन्ही बाजूंनी पर्यायी शब्द सुचवले गेले. नावाआधी अशा अक्षरांची गरजच काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी लावून धरला नाही असे आम्हांला वाटते.

हेरवाड आमच्यापासून फार दूर नाही. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. तेव्हा आम्ही विभागात चर्चासत्र घेतले होते, भाषणेही चांगली झाली होती. पण त्या प्रथा डोळ्यांना दिसतात. पत्रिकेतून नाव गाळताना काही फुटत नाही, काही पुसावे लागत नाही. फक्त लिहिले जात नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुढे जोतीरावांनी वधूवरांनी स्वतः म्हणायची मंगलाष्टके मराठीत रचली, लग्नातले शब्द बदलले पाहिजेत हे ओळखले. हे सारे आम्ही एम.ए.ला तन्मयतेने शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात खडू हातात घेऊन निमंत्रक या शब्दापुढे रेघ ओढताना त्यातले काहीही आठवले नव्हते.

दोन दिवसांनी आम्ही एक मजकूर करून दिला. त्यात आईच बोलावत होती: माझ्या मुलीचे लग्न आहे, आपण यावे. खाली तिचे नाव आणि आडनाव, आधी एकही अक्षर नाही. आईने तो दोनदा वाचला आणि विचारले, "भावजींचं नाव कुठं हाय?" त्या संध्याकाळी काका आले. लग्नाचा निम्मा खर्च त्यांनी उचलला होता, मुलीची फीही तेच भरत आले होते. त्यांना खलनायक करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ते म्हणाले, "पोरी, पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची असती. तिथं रीत बघाय लागती." मग थोड्या वेळाने, "नि माझ्या बहिणी काय म्हणतील?" शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पत्रिकेचे आतले पान वेगळे होते, नुसते दोऱ्याने बांधायचे. पाने दोन प्रकारची छापली. दोनशे काकांच्या नावाची, भावकीसाठी आणि देवासाठी. शंभर आईच्या नावाची, मुलीच्या मैत्रिणींसाठी, शिवणाच्या गिऱ्हाइकांसाठी आणि आमच्यासाठी. बाहेरून तीनशेही एकसारख्या. मुलगी यावर खूश नव्हती. आम्हीही नव्हतो, पण त्या घरात आम्हांला उद्या राहायचे नव्हते.

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे, असा नियम राज्याने केला आहे. त्या मुलीला मूल झाले तर जन्मदाखल्यावर तिचे नाव शासन लिहवून घेईल. पत्रिकेला असा नियम कोणी करणार नाही, आणि करूही नये. तेथे नमुना लिहून देणाऱ्यांचेच काम आहे. म्हणजे छापखान्याचे, आता मोबाइलवर मजकूर फिरवणाऱ्यांचे, आणि पाच गुणांपुरते आमचे.

यंदा उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही फळ्यावर नमुना लिहिला नाही. त्या दोन पत्रिका टेबलावर ठेवल्या आणि मुलांना उघडून वाचायला सांगितल्या. काठाच्या पट्टीवरून बोटे फिरवून झाल्यावर, बराच वेळाने, फरक एका मुलीच्या लक्षात आला. मागून एका मुलाने विचारले, "सर, परीक्षेत यातली कोणती लिहायची?" अभ्यासमंडळाला आम्ही पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत कोणतीही लिहा, दोन्हींना पूर्ण गुण मिळतील, असे वर्गाला सांगितले आहे.