सोंगटी आणि शब्द

तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. उर्दूतील 'किताब' ही 'ती' असते. मग मराठीतील 'पुस्तक' हे 'ते' कसे झाले, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. बोलताना चूक होते, कोणीतरी हसते आणि पुढच्या वेळी आपण तोंडच उघडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषा शिकणाऱ्या मुलांची अडचण तर याहून मोठी आहे.

झुलू लोक आपल्या भाषेला इसिझुलू म्हणतात. २०२२ च्या जनगणनेनुसार त्या देशातील सुमारे २४ टक्के लोकांची ती घरची भाषा आहे. घरी एवढ्या लोकांकडून बोलली जाणारी दुसरी भाषा तेथे नाही. तरीही १९९४ पर्यंत देशाच्या राजभाषा दोनच होत्या, इंग्रजी आणि आफ्रिकान्स! आज डर्बन शहरात घरी इंग्रजी बोलणारी मुलेही झुलू शिकतात. त्यांतील काहींचे पूर्वज १८६० पासून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी भारतातून तेथे गेले होते.

या भाषेत नामांचे डझनाहून अधिक वर्ग आहेत. शिवाय अनेकवचन करताना शब्दाचा शेवट नव्हे, सुरुवात बदलते. 'इन्जा' म्हणजे कुत्रा, 'इझिन्जा' म्हणजे कुत्रे. 'उमफाना' म्हणजे मुलगा, 'अबाफाना' म्हणजे मुलगे. 'इकाती' म्हणजे मांजर, पण मांजरे 'अमाकाती'! काही ध्वनी तर आपल्या लिपीत लिहिताच येत नाहीत. एक ध्वनी आपण हळहळताना 'च्च' करतो तसा, एक टांगेवाला घोड्याला हाकताना काढतो तसा, आणि एक बाटलीचे बूच उघडल्यासारखा.

हे सारे फळ्यावरून उतरवून पाठ होईल का? मला तसे वाटत नाही. प्राथमिक वर्गात त्यासाठी पट मांडावा. पुठ्ठ्यावर सापशिडीसारखी घरे आखावीत आणि प्रत्येक घरात एक चित्र काढावे. (सापशिडी मूळची आपल्याच देशातली, हे विसरू नका.) सोंगटी ज्या घरात पडेल त्या चित्राचे नाव खेळणाऱ्याने मोठ्याने सांगावे. पुन्हा तेथेच आली तर अनेकवचन सांगावे. चुकले तर शेजाऱ्याने सांगावे आणि सर्वांनी म्हणावे. एकाच तासात एक शब्द दहा वेळा तोंडात येतो आणि वहीवर लाल रेघ उमटत नाही.

फाशावरचे आकडेही झुलूतच मोजावेत. बोटांवर मोजण्याची रीत त्या शब्दांत लपलेली आहे. पाच बोटे संपली की सहाला दुसऱ्या हाताचा अंगठा येतो, म्हणून सहा म्हणजे 'इसितूपा', अर्थात अंगठा. सातचा शब्द 'दाखवणारे बोट' या अर्थाचा आहे. आठ म्हणजे 'दोन बोटे सोडून'!

झुलू मुलांचा आपला पटही आहे, उमलाबालाबा. त्यात दोघांकडे बारा-बारा सोंगट्या असतात आणि त्यांना गाई म्हणतात. तीन गाई एका रेषेत आणल्या की समोरच्याची एक गाय मिळते. झुलू येणारे मूल येथे आपोआप गुरू होते. मला हे फार मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, यात वेळ जातो आणि गोंगाट होतो. गोंगाट होणारच. भाषा गप्प बसून कशी येईल? मात्र एक आक्षेप खरा आहे. नुसता फासा टाकून सोंगटी पुढे ढकलली, तर मुले जिंकतात पण शब्द शिकत नाहीत. म्हणून शब्द उच्चारल्याशिवाय सोंगटी हलवू देऊ नये, हा नियम शिक्षकांनी कडक पाळावा.

तुम्हीही जुन्या पुठ्ठ्यावर मराठीचा असा पट करून पाहा. सोंगट्यांना बाटल्यांची झाकणे चालतील. पहिल्या घरात कोणते चित्र काढाल? मी तर केळे काढीन. उर्दूत 'केला' हा 'तो' असतो, मराठीत केळे 'ते' आहे, आणि त्यात तो अवघड 'ळ'ही आहे.