गटारीनंतरचे चार दिवस

गटारी झाली, श्रावण लागला. ‘महिनाभर दारूला शिवणार नाही’ म्हणणारे घरोघरी आहेत. ज्यांचं पिणं शनिवारपुरतं, त्यांचं निभावून जातं. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्याचं मात्र तसं नसतं. त्यानं एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, घाम, बरळणं. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. पण ही लक्षणं जिवावर बेततात. शपथेआधी डॉक्टर गाठावा.

शरीर सावरलं की संध्याकाळ छळते. सातची वेळ, खिशात पगार आणि ‘एकानं काय होतंय’ म्हणणारा मित्र (हा प्रत्येकाला असतोच). तेव्हा पोटभर खाऊन निघणं, रस्ता बदलणं, पैसे बायकोकडे देणं, असे बावळट वाटणारे उपायच कामी येतात. दारू सोडणाऱ्यांच्या गटातले, अल्कोहोलिक्स अनॉनिमसवाले, तर फक्त आजच्या दिवसाचं बोलतात.

डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही ‘सहचरी’ गट आहे. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटतं. घरात रोज बाटली शोधत फिरणाऱ्या बाईची झोपही उडालेलीच असते. या अंकात सुरुवात तिच्यापासून केली आहे.