नऊ जणांपर्यंत कायदा नाही

घट बसण्याआधी कोल्हापूर धुऊन निघते. गोधड्या, चादरी, सतरंज्या पंचगंगेच्या घाटावर नाहीतर घरांच्या गच्च्यांवर वाळत पडतात. ज्या घरांत सतरंजीच्या जागी गालिचा आणि बैठकीच्या जागी सोफा आला, त्यांनी मात्र हे काम फोनवर मागवायला सुरुवात केली आहे. दोन-तीन पोरे दुचाकीवर मशीन बांधून येतात, जिन्याने ते वर चढवतात, काही तासांत काम उरकून पुढच्या घरी जातात. हॉटेले, मंगल कार्यालये, बँका, खासगी दवाखाने यांच्याकडे हेच काम रात्री, बंद इमारतीत चालते. या कामाला कोणी धोक्याचे काम म्हणत नाही. फाउंड्रीतला धोका कोल्हापूरला कळतो. उद्यमनगर आणि शिरोलीच्या भट्ट्यांनी तो पिढ्यान् पिढ्या शिकवला आहे. साबणाच्या फेसातला धोका अजून आपल्या गावी नाही.

गालिचा धुणे म्हणजे पाणी, वीज आणि रसायन एकाच खोलीत एकाच वेळी आणणे. मशीन शॅम्पूचे पाणी गालिच्यात मारते आणि मळके पाणी ओढून घेते. कामगार त्या ओल्या गालिच्यावर बहुतेक वेळा अनवाणी उभा असतो. वायर तीन ठिकाणी जोडलेली, जोडावर चिकटपट्टी, आणि प्लग घरातल्या जुन्या बोर्डात. तीस मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसवलेली असेल तर झटक्यावर भागते. ती नसेल तर काय होते, हे सांगायला नको. पेठांतल्या जुन्या वाड्यांत ती आहे का, हे मशीन लावण्याआधी विचारण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. ना कामगार विचारतो, ना घरमालक सांगतो.

रसायनांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यांचा मार लगेच दिसत नाही. डाग काढायला थिनर, मग फेस काढायला आणखी काहीतरी, वासासाठी तिसरे. बहुतेक द्रावणे मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत ओतलेली असतात आणि ती बाटली पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची असते. बाटलीवर नाव नाही, आत काय आहे हे मालकालाही धड ठाऊक नाही. एसी चालू ठेवून बंद केलेल्या खोलीत थिनरची वाफ तासभर घेतली की डोके जड होते, मळमळते. पोरे त्याला उपाशीपोटीचे पित्त समजतात. लोखंडी पायांच्या फर्निचरमुळे गालिच्यावर गंजाचा डाग पडतो. तो काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर कित्येक तास दुखतही नाही. दुखू लागते तेव्हा ते आत खोलवर गेलेले असते आणि त्यावर साधे मलम चालत नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लागते. हे जेल किती टेम्पोंच्या प्रथमोपचार पेटीत असेल? मुळात पेटी तरी किती टेम्पोंत असेल?

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. सहा हजारांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांची ताकद त्यांनी वीस वर्षे मोजली. सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसे इतर स्त्रियांपेक्षा वेगाने क्षीण झाली होती. ही घट जवळपास वीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढल्याइतकी होती. पुरुषांत तसा फरक आढळला नाही, पण अभ्यासात सफाई करणारे पुरुष मोजकेच होते. आपल्याकडे गालिचे धुणारी बहुतेक तरुण मुले आहेत. त्यांची फुप्फुसे कोणी मोजलेलीच नाहीत.

आणि मग पूर येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, व्हीनस कॉर्नरचा परिसर दोन्ही वेळा पाण्यात होता. पाणी ओसरले की शहराला घाई होते: दुकान उघडायचे, घर राहण्यासारखे करायचे, विम्याच्या माणसाला दाखवायचे. ओल्या गालिच्यात एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. गटाराचे, मेलेल्या जनावरांचे, गोडाऊनमधल्या खतांचे पाणी त्याने शोषलेले असते. फेकून द्यायच्या लायकीचे हे गालिचे महाग असल्यामुळे धुवायला काढले जातात, आणि ते उचलायला हीच पोरे बोलावली जातात. भिजलेला मोठा गालिचा दोघांना पेलत नाही, तरी दोघेच तो जिन्यावरून उतरवतात. भिंतीतले वायरिंग अजून ओले असते. बाथरूममध्ये आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, वर कोणीतरी अ‍ॅसिड ओततो आणि क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला गेला तोच हा वायू. त्या बाथरूममध्ये ओणवा बसलेला माणूस खोकत बाहेर येतो, तोंडावर पाणी मारतो आणि परत आत जातो.

पुराच्या चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसकडे तर नीट पाहायला हवे. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जंतू हातापायांवरच्या चिरांतून, भेगांतून शरीरात शिरतात. ताप साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो. तोवर कामगार शाहूपुरीतले घर सोडून गडहिंग्लजच्या एखाद्या हॉलवर कामाला लागलेला असतो. गल्लीतला डॉक्टर तापाची गोळी देतो. रोगी सीपीआर रुग्णालयात पोचतो तेव्हा कधी कधी मूत्रपिंडे गेलेली असतात. कागदावर तो ‘ताप’ असतो, कामामुळे झालेला आजार नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. धोबिणींचे आजारही त्यात आहेत. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले होते. सव्वातीनशे वर्षांनंतरही आपल्या केसपेपरवर वय, वजन, रक्तदाब असतो. धंद्याचा रकाना असला तर त्यात ‘मजुरी’ एवढे लिहून मोकळे होतात. कसली मजुरी, हे कोणी लिहीत नाही.

इथे कायदा काय करतो? तेरा कायदे एकत्र करून केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालकाने कामाची जागा धोकामुक्त ठेवावी, असे ती म्हणते. ठरावीक वयावरच्या कामगारांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणीही तीत आहे. चांगलेच आहे. पण ही संहिता लागू होते ती दहा कामगारांपासून. कंत्राटी कामगारांविषयीचे तिचे प्रकरण पन्नासपासून. आता कोल्हापुरात सोफा-गालिचे धुणारी दहा माणसांची किती दुकाने सापडतील? चार-पाच माणसे, एक टेम्पो, दोन मशीन एवढाच हा धंदा असतो. धंदा वाढला तरी मालक दहावा माणूस पगारावर घेत नाही, हंगामापुरता ‘रोजावर’ घेतो. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून उलटा नियम आहे. तिथे एक माणूस कामाला ठेवला तरी त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते. पाचांहून कमी माणसे असतील तर धोक्यांची नोंद लिहून ठेवण्यातून सूट मिळते, जबाबदारीतून नाही. घातक रसायनांविषयीचे तिथले २००२ चे नियमही सफाई कामगारांना तितकेच लागू आहेत. आपल्या संहितेतही एक दार उघडे आहे: जिवाला धोका असलेले काम सरकारने अधिसूचित केले, तर एकच कामगार असला तरी ती लागू करता येते. पूरग्रस्त इमारतींची आणि बंद जागेत रसायनांनी होणारी सफाई या यादीत घालावी, असा आग्रह कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड यांच्या लोकप्रतिनिधींनी धरायला हवा. पूर त्यांच्याच मतदारांच्या घरात शिरतो.

छोट्या धंदेवाल्यावर खर्चाचा बोजा पडेल, ही ओरड येणार. ती सर्वस्वी खोटी नाही. पण रबरी बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, गळती तोडणारा सॉकेट लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि वाफेसाठी गाळणी असलेला मास्क यांचा खर्च मशीनच्या किमतीपुढे किरकोळ आहे. कापडी मास्क वाफ अडवत नाही, कोविडमध्ये उरलेल्या मास्कवर भागवू नये. खरा खर्च वेळेचा आहे. खिडक्या उघडून थांबायचे, वायरिंग कोरडे होईपर्यंत काम सुरू करायचे नाही, जड गालिच्याला चार माणसे लावायची, यात दिवसाला दोन कामे कमी होतात. आणि ग्राहक घासाघीस करून सर्वांत स्वस्त माणूस बोलावतो. ज्याने नियम पाळले तो महाग पडून बाजूला राहतो. धंदेवाल्यांनी स्वतःहून सुधारावे ही अपेक्षा त्यामुळेच भाबडी आहे. नियम सगळ्यांना सारखा हवा.

तो सारखा करण्याची सुरुवात महापालिकेला स्वतःच्या घरापासून करता येईल. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले आणि ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले गेले. तिथल्या खुर्च्या, पडदे आणि पायघड्या धुण्याचे कंत्राट कधी ना कधी निघेलच. त्या निविदेत चार अटी घालाव्यात: प्रत्येक रसायनाची मराठी माहिती डब्यावर, गळती तोडणाऱ्या यंत्रणेशिवाय मशीन लावायचे नाही, कामगारांची नावनिशी यादी आणि विमा, आणि एका माणसाला आत एकटे ठेवून रात्री कुलूप लावायचे नाही. सीपीआर, विद्यापीठ, जिल्हा परिषद, सहकारी बँका यांच्या निविदांतही हेच कलम बसते. कंत्राटदार एक माणूस आणतो की शंभर, याने त्यात काही फरक पडत नाही. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. स्थायी समिती किंवा आयुक्त एका ठरावात हे करू शकतात, आणि पावसाळ्याआधीच्या बैठकीत तो विषय घ्यायला पुरेसा वेळ असतो.