नाथांचं गाढव आणि आमची ठिपकी

आमच्या भागात सप्ताह बसला की एखादा तरी कीर्तनकार नाथांचं गाढव काढतोच. पैठण इथून गोदावरीच्या वरच्या अंगाला, त्यामुळे एकनाथ महाराज आम्हाला घरचेच. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाळवंटात तडफडणारं गाढव, नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं आणि गाढव उठलं. मंडप गहिवरतो, बाया डोळ्यांना पदर लावतात. हल्ली ही कथा ऐकताना माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न येतो. ते गाढव उठलंच नसतं तर? पाणी पिऊन तिथंच पडून राहिलं असतं, मागचे पाय कायमचे गेलेले, तर? नाथांनी ते घरी आणलं असतं याबद्दल मला शंका नाही. पण मग खरी कसोटी त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंची लागली असती.

हा प्रश्न डोक्यात घातला तो ठिपकीनं. ठिपकी म्हणजे पॉमेरेनियन आणि गावठी यांची सरमिसळ. पांढरं अंग, कानामागं एक तपकिरी ठिपका, वजन भरल्या पोटी सात किलो. वडीगोद्री फाट्याच्या अलीकडं, धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला ती पडली होती. गळ्यात जुना पट्टा होता, म्हणजे कुणीतरी हौसेनं पाळून मग सोडून दिलेली. मोसंबी आडतीवर टाकून परत येणाऱ्या माझ्या पुतण्यानं तिला पाहिलं आणि रिकाम्या क्रेटमध्ये सरकवून घरी आणलं. आणताना ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली. जखमी कुत्रं जीव लावणाऱ्यालाही चावतं, त्यात त्याचा दोष नसतो. पोरानं साबणानं भरपूर वेळ हात धुतला आणि सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशींचा कोर्स पुरा केला. अंगठ्याला काय झालं हे त्यानं आईला सांगितलं नाही, कुत्रीला काय झालं ते मात्र सांगितलं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं, की मणक्याचा एक्स-रे इथं होणार नाही. घरातली माणसाची गोळी देऊ नका, हेही बजावलं. ते बरं झालं, कारण शेजारच्या काकूंनी अंगदुखीची गोळी भाकरीत चुरून ठेवलीच होती. आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, मूत्रपिंड निकामी करते. आपल्याकडं ती सर्रास दिली जाते, तीही मायेनं.

मग तिला छत्रपती संभाजीनगरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलानं गावाचं नाव विचारलं. ‘अंतरवाली सराटी’ म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि आधी उपोषणाची चौकशी केली, मग कुत्रीची. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आमच्या गावात उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला. त्याआधी हे नाव मला दोनदा उच्चारावं लागायचं, वर ‘तालुका अंबड’ जोडावं लागायचं. आता कुठंही गेलं तरी नाव एकदाच सांगून भागतं, पण पुढं दहा मिनिटं आरक्षणावर बोलावं लागतं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पण निकाल त्यावर दिला नाही. त्यांनी चिमट्यानं ठिपकीच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय आखडला. पुतण्या म्हणाला, ‘साहेब, हलला की!’ डॉक्टर म्हणाले, ‘ते मणक्याच्या खालच्या भागाचं आपोआप चालतं. कळ डोक्यापर्यंत पोचली तर ती वळून बघेल.’ त्यांनी आणखी जोरात दाबलं. ठिपकी पुतण्याचा हात चाटत राहिली. त्याच हाताचा अंगठा तिनं फोडलेला होता.

कळच पोचत नसेल तर अपघातातलं कुत्रं पुन्हा पायांवर उभं राहण्याची आशा फार थोडी. डॉक्टरांनी चिमटा ठेवला आणि विचारलं, ‘ठेवायचं की झोपवायचं?’

या प्रश्नाला क्रूर म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मागचं अंग गेलेल्या कुत्र्याला लघवी आपल्या मनानं होत नाही. मूत्राशय तुंबतं, थेंब थेंब गळतं, आत जंतू वाढतात आणि विष मूत्रपिंडापर्यंत चढतं. दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी पोटाच्या दोन्ही बाजूंनी हात लावून, हळू आणि सारखा दाब देत ते रिकामं करावं लागतं. आज, उद्या, दिवाळीच्या दिवशी, घरात मयत झालेली असेल तेव्हाही. जिथं हे करणारं कुणी नाही, तिथं डॉक्टरांच्या हातची सुई हीच दया आहे. फोटो काढून ‘कुणीतरी दत्तक घ्या हो’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लिहावं, मग फोटो टाकावा.

आमच्याकडं करणारं निघालं. आईनं आयुष्यभर म्हशींची धार काढली आहे. डॉक्टरांनी पुतण्याला शिकवलं, पुतण्यानं आईला, आणि आठवडाभरात आई पुतण्याच्या चुका काढायला लागली. ‘आरं, असं रेटू नको, बोटं पसर. फुगलेलं हाताला लागतंय बघ.’ सकाळी आई, दुपारी वहिनी, रात्री पुतण्या, आणि त्यातलं कुणी गावाला गेलं की मी. ठिपकी सात किलोची आहे म्हणून हे जमतं. तिला एका हातावर उचलता येतं, पोट मुठीत मावतं. हीच शेतावरची राखणीची दांडगी कुत्री असती, तर आईला तिची कूसही बदलता आली नसती, आणि मग डॉक्टरांच्या प्रश्नाला आम्ही दुसरं उत्तर दिलं असतं. छोटं कुत्रं घेणं म्हणजे हौस, असा समज आहे. अपंग कुत्र्याच्या बाबतीत तो निव्वळ ताकदीचा हिशेब असतो.

तिची गाडी गावातच तयार झाली. विहिरीच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइप, लेकरांच्या मोडक्या सायकलीची दोन छोटी चाकं, जुन्या पट्ट्याचा कमरबंद. वेल्डिंगवाल्या पोरानं पैसे घेतले नाहीत, पण गाडीवर आपल्या दुकानाचं नाव रंगवलं. सिमेंटच्या रस्त्यावर ती असली सुसाट पळते की कोंबड्यांनी वाट बदलली. गाडीत दिवसभर मात्र ठेवायचं नाही. त्यात बसता-निजता येत नाही, कातडं घासतं. थोडा वेळ फिरवून काढून घ्यायचं. शिवाय तो सगळा थाट मृग लागेपर्यंतच. आमची काळी माती ओली झाली की चाकांना असे लपके बसतात की बैलगाडीनंही हार मानावी. पावसाळाभर ठिपकी ओसरीवर, जुन्या गोधडीवर. दर काही तासांनी कूस बदलायची, ढुंगण कोरडं ठेवायचं, नाहीतर फोड येतात. फोडावर माशी बसली की दुसऱ्या दिवशी किडे. गावात किड्यांवर फिनेल ओततात. किडे मरत असतील, पण कुत्रं जखमेवर आणि चाटून पोटातून, दोन्हीकडून भाजतं. किडे काढायचं काम डॉक्टरांचं, आणि किडे पडूच न देणं हे घरच्यांचं.

पारावरच्या तात्यांनी मला एकदा सगळ्यांदेखत विचारलं, ‘माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी मिळंना आन् तुम्ही कुत्र्याला संभाजीनगरला नेताव. बरं दिसतं का?’ तात्यांची सून बाळंतपणात किती अडली होती हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त ठिपकीला न नेल्यानं ती गाडी आली असती, असं मला वाटत नाही. तात्या अजूनही कुरकुरतात. मुलगी माहेरी आली की तिच्या पोरांना घेऊन ठिपकीची गाडी बघायला येतात, हेही लिहून ठेवतो.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांनी लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय उभं केलं. रतन टाटांचा तो शेवटच्या काळातला जिवाभावाचा प्रकल्प, आणि आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. मला या गोष्टींचा हेवा वाटतो. पण पुण्या-मुंबईतले माझे मित्र दारं लावून सकाळी नऊला बाहेर पडतात ते रात्री परततात. त्यांच्याकडं दुपारी कोण बसणार मूत्राशय दाबायला? शहरात दवाखाना आहे, हात नाहीत. इथं ओसरीवर हात आहेत, म्हातारी माणसं आहेत, शाळेतून परतलेली पोरं आहेत, आणि एक्स-रेचं यंत्र सापडायला जिल्हा ओलांडावा लागतो.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात निघाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. आमच्या फाट्यावरची कुत्री नेमकी कोणत्या निवाऱ्यात जायची, हे फाट्यावर कुणाला सांगता येत नाही. कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, त्यात ग्रामपंचायतीही आल्या. आमच्या पंचायतीनं ते नियम वाचले असतील, अशी आशा करतो.

मोठं काही मागत नाही. टाटांसारखे पाच मजले नकोत. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शिकणाऱ्या पोरांना हात बसायला रुग्ण लागतातच. त्यांना सोबत घेऊन तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात महिन्यातला एक ठरलेला दिवस कुत्र्या-मांजरांचा असावा. त्या दिवशी रेबीजची लस, नसबंदीची नोंद, जमल्यास फिरतं एक्स-रे यंत्र. लस टोचलेल्या कुत्र्यांमुळे माणसंही वाचतात, एवढं कारण सांगितलं तर तात्याही सही करतील.

तोवर महामार्गालगतच्या गावांतल्या वाचकांना एक विनंती. गाडीखाली आलेलं कुत्रं दिसलं तर पाय धरून ओढू नका, पोत्यातही कोंबू नका. मणका आणखी तुटतो. तोंडाला रुमाल बांधा, श्वास घेता येईल असा. मग फळीवर किंवा क्रेटमध्ये सपाट सरकवून न्या. आणि ते कायमचं घरी ठेवायचं मनात आलं, तर आधी दुपारच्या वेळी घरात कोण असतं त्या माणसाला विचारा. त्यानं नाही म्हटलं तर ठेवू नका. पुढच्या ग्रामसभेत मी कुत्र्या-मांजरांच्या त्या एका दिवसाची मागणी लेखी देणार आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत तुम्हीही द्या.